उतरलेला आकडा

९ जानेवारी

चि. सौ. वहिनीस,

आशीर्वाद आहेत, ते शेवटी घे. आधी ऐकून घे.

स्वेटर मिळाला. बाह्या आखूड आहेत. ज्याच्याशी संसार केलास त्याच्या हाताची लांबी आठवू नये? सगळी गल्ली माझ्या भावाला उंट म्हणते, आणि तू तर शिंप्याची मुलगी. का माप घ्यायला जवळ यावं लागतं म्हणून अंदाजानेच विणलास? नवरा अंथरुणाला लागला की बायको पोर उचलून माहेरी जाते आणि तिथून लोकर पाठवते, ही रीत मी पहिल्यांदा पाहिली. लॉन्ड्रीत माझ्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करणाऱ्या बायका रोज विचारतात, भावजय कधी येणार. मी सांगते, बापाच्या दुकानात काजं करायची खोळंबलीत, नवरा काय, थांबेल.

तुला वाटत असेल खोकला आहे, गोळ्या चालू आहेत, होईल बरा. तसं नाही. त्याला टीबी आहे आणि रक्तात तो दुसराही आहे, एचआयव्ही, हे तू जाताना ऐकून गेलीसच. नाव लिहायला मी लाजत नाही, लाजून कुठला आजार गेलेला मी पाहिला नाही. आधी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, मग काही दिवसांनी दुसऱ्याच्या. ओंजळभर होतात. त्यावर त्याला मळमळायला लागलं, ताट पुढे केलं की तोंड फिरवायचा. रक्त तपासलं तर लिव्हरचं एन्झाइम चढलेलं. चाळिसाच्या आत हवं, ते तीनशेच्या घरात. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गोळ्या बंद केल्या आणि त्याला वॉर्डात ठेवून घेतलं.

मी चौथी शिकलेली, मला एन्झाइम काय कळणार. पण तिथे रक्त काढणारा एक बुवा आहे, आम्ही त्याला सुईवाला म्हणतो. चेहरा कायम तेरावा महिना लागल्यासारखा, पण सांगतो नीट. म्हणाला, ते लिव्हरच्या आत कामाला असतं, घरातल्या भांड्यांसारखं. घरातली भांडी रस्त्यावर पडलेली दिसली तर काय समजायचं? भिंत फुटली. जितकी भांडी बाहेर, तितकी भिंत जास्त पडली. रक्तात मोजतात ती रस्त्यावरची भांडी. मला कळलं, तर तुलाही कळायला हरकत नाही.

तेव्हा ये. त्याला काय हवं ते तो बोलत नाही, पण दार वाजलं की मान वळवतो, आणि मी आत आले की परत भिंतीकडे बघतो. हे मला रोज बघावं लागतं.

लोभ मागत नाही. शिल्लक असेल तर तिकीट काढ.

तुझी नणंद

१५ जानेवारी

ती. ताईंस,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्र पोचलं, लागायचं तिथे लागलं.

बाह्यांना चार बोटं वाढवून देते, स्वेटर परत पाठवा. तुम्ही पाठवणार नाही हेही मला माहीत आहे, मला टोचायला तो तुम्हाला लागेल.

पत्रच लिहा, दुकानात फोन नको. फोन बाबांच्या गल्ल्याशेजारी आहे, आणि मापं द्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी कान देतं, मग कंबर. इथे कोणाला काही माहीत नाही. भिंगरीचे बाबा लांब एका मोठ्या इमारतीला रंग द्यायला गेलेत असं सांगितलं आहे. भिंगरी विचारते इमारत किती उंच. मी म्हणते बाबांच्या वर बाबा उभे केले तर वीस. ती पाटीवर वीस बाबा काढते आणि पाटी पुरत नाही म्हणून रडते.

ताई, मी त्यांना लिहिलं तेच तुम्हाला लिहिते. ताप गेला की येते. पंधरा दिवस सलग ताप आला नाही, की मी आणि भिंगरी पहिल्या गाडीने. त्याआधी नाही. कारण विचारू नका. माझ्याबद्दल काय बोलायचं ते बायकांशी बोला, माझी ना नाही.

त्यांना खायला थोडं थोडं द्या, एकदम ताट पुढे केलं की ते दबतात. तुमच्यासमोर तर मीही दबते.

माया आटू देऊ नका, एवढंच मागणं.

आपली,
भावजय

६ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,

आशीर्वाद. आज ते वर लिहिते, कारण बातमी अर्धी चांगली आहे.

वॉर्डात गोळ्या बंद झाल्यावर आकडा भराभर उतरला, पन्नासावर आला. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता एकेक गोळी परत सुरू करायची आणि दर खेपेला रक्त बघायचं, म्हणजे कोणती गोळी लिव्हरला मारते ते कळेल. पाहुणे एकदम घरात घेतले की चमचा कोणी चोरला ते कळत नाही, एकेक घेतला की कळतं. मला हे पटलं. पहिली केशरी गोळी दिली आणि घरी पाठवलं. ती घेतली की लघवीसुद्धा केशरी होते. उंट म्हणतो, जन्मभर भिंती रंगवल्या, आता आतून हात मारून घेतोय.

घरी आला आणि ताप गेला. खोटं नाही सांगत. वॉर्डात रोज संध्याकाळी अंग तापायचं, नर्स तक्त्यावर डोंगर काढायच्या. माझ्या हाताखाली आला आणि सपाट. रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावतो आणि माझ्या नाकापुढे नाचवतो. मी नर्सला ऐकवलं, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, आणि ताप पळवला तो इस्त्रीवालीने. हाताला गुण लागतो.

वाईट अर्धं हे की आकडा परत चढला, साडेतीनशे. म्हणजे चोर सापडला, केशरी गोळी. ती काढून टाकली. डॉक्टरीणबाईंना फार जिवावर आलं. म्हणाल्या टीबीवर तिच्याइतकी खमकी दुसरी नाही, तिच्याशिवाय उपचार लांबणार आणि लंगडत चालणार. त्यांनी आम्हाला दहादा विचारलं, दारू, झाडपाला, दुसरं कुठलं औषध? त्याने शपथ घेतली. मीही घेतली. माझ्या घरात माझ्या नजरेआड काही होत नाही, असं तोंडावर सांगितलं.

वजन मात्र वाढत नाही, आणि खोकला आहे तसाच. आणि घरात उंदीर झालेत बहुतेक. माझ्या गुडघ्यांच्या पांढऱ्या गोळ्यांचा डबा आत्ता भरला होता, परत तळ दिसतोय. उंदरांचे गुडघे दुखायला लागले असतील.

तर बाई, तुझी अट पुरी होत आली. आता नवीन काढू नकोस.

नणंदेची माया कळायला तिच्या हातचं खावं लागतं. ये आणि खा.

ताई

८ फेब्रुवारी

प्रिय काजंवालीस,

आशीर्वाद द्यायला मी म्हातारा नाही आणि नमस्कार केला तर तू डोक्यावर बसशील, म्हणून नुसताच हात उंच केला आहे असं समज. तो किती उंच जातो तुला माहीत आहे. बाहीच्या बराच बाहेर.

ताप नाही. परवा नव्हता, काल नव्हता, आजही नाही. हवालदारीणबाई, म्हणजे आमच्या ताई, साक्षीला आहेत, त्यांची साक्ष कोर्टातही चालेल, न्यायाधीश घाबरून मान्य करील. तुझे पंधरा दिवस आता बोटांवर मोजण्याइतके राहिले. भिंगरीला सांग, इमारत संपत आली, वरच्या मजल्याचा शेवटचा हात उरलाय. तिला विचार, बाबांना ओळखशील का. थोडा बारीक झालोय. मग तिने पाटीवर काढलेले वीस बाबा एका ओळीत मावतील.

तू आल्यावर लांबच बसलीस तरी चालेल. दाराशी बस. मी काही म्हणणार नाही.

तुझाच,
रंगारी

१४ फेब्रुवारी

ती. ताईंस,

नमस्कार फार वाकून. आज मागायचं आहे म्हणून.

त्यांचं पत्र आलं, तुमचंही आलं. ताप नाही, पण वजन नाही आणि खोकला आहे, हे मला खटकलं. म्हणून लिहिते, आणि लिहून झाल्यावर हे पत्र जाळा.

माझ्या रक्तातही एचआयव्ही आहे. त्यांच्यामागोमाग माझी तपासणी झाली. भिंगरीला नाही, तिची दोनदा केली. त्या दिवशी रिपोर्ट घेऊन मी घरी आले आणि त्यांना सांगितलं की माझं सगळं ठीक आहे. ते किती रडले तुम्ही पाहिलंय. तुम्ही म्हणालात की बघ, देव आहे. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी माहेरी निघाले.

इथल्या डॉक्टरांनी बजावलं की तुमच्या रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या पेशी कमी आहेत, टीबीच्या माणसाची थुंकी स्वच्छ येत नाही तोवर त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, मुलीलाही न्यायचं नाही. ताई, थुंकी म्हणाले होते, ताप नाही. पण नवऱ्याला पत्रात काय लिहायचं, तुमची थुंकी तपासून कळवा मग येते? माझा हात चालेना. म्हणून ताप लिहिला. तापाची कोणाला किळस येत नाही. आणि मला वाटलं, दोन्ही बरोबरच जात असतील.

तेव्हा डॉक्टरीणबाईंना थुंकीचं विचारा. ती स्वच्छ असली तर मी त्याच दिवशी निघते.

माझं त्यांना सांगू नका. त्यांच्यामुळे मला झालं हे कळलं तर ते गोळी तोंडात धरतील आणि गिळणार नाहीत. मी त्यांना ओळखते.

मला कठोर म्हणालात ते राहू द्या. लोभ मात्र पूर्वीइतका तरी ठेवा. पूर्वीही फार नव्हता.

आपली,
भावजय

२३ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,

आशीर्वाद. घे किंवा टाक.

पत्र वाचलं. जाळलं नाही, मला जाळपोळ जमत नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि थुंकीचं विचारलं. तपासली तर जंतूंनी बुजबुजलेली. त्या चक्रावल्या, इतका टीबी आहे आणि ताप कसा नाही? तेवढ्यात सुईवाला कागद घेऊन आला. आकडा दोन हजारांवर. मग त्यांनी उंटाला खिडकीशी उजेडात नेलं. डोळे हळदीसारखे. मी त्याला रोज बघते, मला दिसलं नव्हतं.

घरी जाऊन गादी उचलली. खाली रिकामी पाकिटं, थप्पीच्या थप्पी. माझ्या गुडघ्याच्याच गोळ्या. त्या तापावरही चालतात, हे मलाही माहीत आहे आणि रस्त्यावरच्या कुत्र्यालाही. डबा संपायला लागला तेव्हा तो कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणायला लागला. थर्मामीटर लावायच्या आधी दोन, मग मध्ये दोन, रात्री कधी चार. ताप कुठेच गेला नव्हता. तो दाबून बसला होता, पंधरा दिवस मोजत. वॉर्डात गोळ्या मिळायच्या नाहीत, म्हणून तिथे ताप यायचा आणि आकडा उतरायचा. घरी ताप जायचा आणि आकडा चढायचा. माझ्या हाताचा गुण तो हा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टीबीची औषधं चालू असताना या साध्या गोळीचं विष होतं, एवढ्या घेतल्या तर. केशरी गोळी निर्दोष होती. खमकी होती तिला हाकलून दिलं आणि चोराला गादीखाली झोपवलं.

तो मला म्हणाला, तिला सांगू नकोस, ती जन्मभर स्वतःला खात बसेल. म्हणून सांगते. खा. मी एकटीने का खायचं?

आणि तुझंही त्याला सांगितलं. हो, सांगितलं. डोकं फिरलं होतं माझं. त्याच्या खाटेशी उभी राहून म्हटलं, ज्या बाईसाठी लिव्हर जाळलंस ती तुला टाकून गेली नव्हती, तिला तूच दिलंयस आणि ती लपवून बसली आहे. त्याने भिंतीकडे तोंड केलं. तिकडूनच विचारलं, भिंगरीला? म्हटलं, नाही. मग म्हणाला की या भिंतीला रंगाचा एकच हात दिलाय, दोनाचे पैसे घेतले असतील.

डबा माझा होता, तोंड त्याचं होतं, अट तुझी होती. वाटण्या नंतर करू. सध्या तो वॉर्डात आहे, सगळ्या गोळ्या बंद.

लोभाचं तूच बघ.

ताई

२ मार्च

चि. सौ. वहिनीस,

आशीर्वाद, भरभरून. आकडा उतरला.

दोन हजारांवरून आठशे, आज तीनशे. मी वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटले, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलासुद्धा, तिला ऐकू येत नाही तरी. सुईवाल्याने कागद दिला आणि हसला नाही. त्याला हसण्याचं व्यसनच नाही. उंट झोपतो मात्र फार, दुपारी हाक मारली तर उठायला वेळ लावतो. किती दिवसांची झोप राहिली होती त्याची, भरून काढतोय. काल मला आई म्हणाला, झोपेत.

तुला मागच्या पत्रात लागेल असं लिहिलं. तसं खोटं काही लिहिलं नाही, पण आता आकडा उतरतोय, तर मीही थोडी उतरते. भिंत उभी राहते आहे. तू सावकाश ये, पण ये.

माया आहे. बोलत नाही म्हणून नाही असं नाही.

ताई

६ मार्च

ती. ताईंस,

नमस्कार. तीनशे हा आकडा मी दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या खडूने भिंतीवर लिहून ठेवला आहे. बाबांनी विचारलं कसलं माप. म्हटलं, एका उंच गिऱ्हाइकाचं.

तुम्ही माझं त्यांना सांगितलंत हे मी कधी विसरणार नाही. माफही करणार नाही, निदान इतक्यात नाही. आणि त्यांनी माझ्या एका शब्दासाठी काय गिळलं ते मला कळलं, तेव्हापासून मी गोळी घेताना थांबते. मग घेते. भिंगरीला कोणीतरी हवं.

आता ते सुधारतायत, तर माझंही ऐका. इथे शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर घेतलंय, महिनाअखेर संपेल. तोवर आकडा चाळिसाच्या आत येईल, औषधं परत सुरू होतील, थुंकीही तपासून होईल. मग येते ती राहायलाच येते. भिंगरीला तसं सांगितलं, ती इमारतीखालून बाबांना हाक कशी मारायची त्याचा सराव करते आहे. दुसऱ्या स्वेटरच्या बाह्या विणून झाल्या. या वेळी लांब आहेत.

त्यांना सांगा, मी रागावलेली नाही. हे शब्द असेच सांगा, त्यात तुमचे घालू नका.

लोभ आता दोघींनी मिळून त्यांच्यावर करू, आपापसात नंतर.

आपली,
भावजय

मंगळवार, ११ मार्च

चि. सौ. वहिनीस,

आशीर्वाद, हात जोडून. माझं दोन तारखेचं पत्र फाडून टाक. भिंतीवरचा आकडाही पूस.

आज आकडा पंचावन्न आला. मी कागद नाचवत डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी खुर्ची पुढे केली. मला आजवर त्यांनी कधी बसायला सांगितलं नव्हतं. म्हणाल्या की हा आकडा लिव्हर बरं होऊनही उतरतो आणि लिव्हर संपूनही उतरतो. डोळे जास्तच पिवळे झालेत. पोट फुगलंय. सुईच्या जागेचं रक्त थांबत नाही, कापूस धरून बसावं लागतं. आणि मी जिला झोप म्हणत होते ती झोप नव्हती, गुंगी होती. हे त्या मला गेल्या आठवड्यापासून सांगत होत्या, मी आकडा धरून बसले होते.

तरी सुईवाल्याला जिन्यात अडवलं. म्हटलं, तूच सांगितलंस ना भांड्यांचं, मग आता रस्ता साफ कसा झाला? तो खाली बघून म्हणाला, "ताई, घरात भांडीच उरली नाहीत. रस्त्यावर कुठून येणार?"

तेव्हा गणवेश ठेव बाजूला. पोरं उघडी राहत नाहीत त्यावाचून.

तुझ्या पेशींचंही मी विचारून घेतलं आहे, म्हणशील नणंदेला काळजी नाही. आत यायचं नाही. त्याची खाट तळमजल्यावर खिडकीशी आहे, बाहेर मोकळं अंगण आहे. तुम्ही दोघी तोंडाला पट्टी बांधून अंगणात उभ्या राहा, वारा वाहता असतो, डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. मी त्याला उशीने उंच करीन. सकाळी थोडा वेळ तो शुद्धीत असतो. तेव्हा थर्मामीटर मागतो. मी लावते आणि काहीही आलं तरी ताप नाही म्हणून सांगते. मग तो विचारतो, मग त्या का नाही आल्या. काल मी सांगितलं, निघाल्या. रोज निघाल्या म्हणून किती दिवस सांगू? भिंगरीला हाक मारायचा सराव आहे म्हणालीस ना, तेवढंच हवंय.

तू रागावलेली नाहीस हे त्याला सांगितलं. माझे शब्द घातले नाहीत. तो म्हणाला, स्वेटर घाल. घातला आहे. त्याचे हात आखूड बाह्यांतून बाहेर पडलेत, आणि त्या बाह्यांवर मी पुन्हा एक अक्षर बोलणार नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तुमच्याकडे जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देते, उद्या तुझ्या हातात पडेल. शुक्रवारी दुपारपर्यंत एकतर अंगणात उभी राहा, नाहीतर त्याच ड्रायव्हरकडे उत्तर दे. दोन्ही झालं नाही तर मी दुकानात फोन करीन आणि तुझ्या बापाच्या गिऱ्हाइकांसमोर सगळं सांगीन, मला हळू बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. मग आयुष्यभर मला शिव्या दे, मी ऐकून घेईन.

पाकिटावर सौ. लिहिलं आहे, दोनदा गिरवून. ते खरं आहे तोवर उत्तर दे. शुक्रवारपर्यंत.

ताई